संपत्तीचा धनी कोण? : माळवा-महाराष्ट्रातील ख्रिस्ती अर्थविचाराचा आढावा

धार आणि देवास ही पवारांची मराठी संस्थाने आणि शिंदे सरकारच्या हद्दीतील सरदारपूर यांनी मिळून पश्चिम माळव्याचा जो पट्टा होतो, त्यात दरबार, सावकार, छावणी आणि डोंगरउतारावरचा भिल्ल शेतकरी हे चौघे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशेजारी नांदत आले. मही नदीचा उगम सरदारपूर तालुक्यातच आहे. भोपावर एजन्सीचे, म्हणजे भोवतालच्या भिल्लबहुल संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या इंग्रजी कचेरीचे, मुख्य ठाणे आणि माळवा भिल्ल पलटणही सरदारपुरातच होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रदेशात ख्रिस्ती धर्मप्रचारक आले, तेव्हा आध्यात्मिक मूल्ये आणि ऐहिक संपत्ती यांच्यातील नात्याचा प्रश्न प्रवचनापुरता मर्यादित राहणे शक्य नव्हते, कारण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी दाणा नव्हता आणि अंगावर कर्ज होते.

या प्रश्नावरील मूळ शिकवण शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रपर चार ग्रंथांत आढळते. परमेश्वर आणि धन या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, असे येशू डोंगरावरील प्रवचनात बजावतो. कोठारे वाढवण्याचे बेत आखता आखता त्याच रात्री मरण पावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो. आणि देवळाच्या दानपेटीत दोन क्षुल्लक नाणी टाकणाऱ्या विधवेचे दान सर्वांत मोठे ठरवतो. मात्र सरसकट सर्वांनी सर्वस्व टाकावे, असा नियम या कथांतून निघत नाही. एका श्रीमंत तरुणाला तो सारे विकून गरिबांना वाटण्यास सांगतो. जक्कय नावाचा जकातदार मात्र अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेल्याची चौपट भरपाई करण्याचे वचन देतो, तेव्हा त्याच्या घरी तारण आल्याचे येशू जाहीर करतो. धन किती आहे यापेक्षा ते कोणाकडून आले, कोणाच्या कामी येते आणि माणूस त्याचा धनी आहे की चाकर, यांवर या शिकवणीचा रोख आहे.

पुढील चर्चने या शिकवणीचे अनेक अर्थ लावले. दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधिकाळी आलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने श्रीमंताने संपत्तीपेक्षा तिची आसक्ती सोडावी, असे मांडले, तर चौथ्या शतकात कप्पदुकियातील दुष्काळात संत बेझिलने साठवलेले धान्य हा भुकेल्याचाच वाटा आहे, असे धनिकांना ठणकावून सांगितले. तेराव्या शतकात असिसीच्या फ्रान्सिसने अकिंचनत्व, म्हणजे स्वेच्छेने पत्करलेली निर्धनता, हेच व्रत मानले. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी आपल्या परिपत्रकात कामगाराला न्याय्य वेतन मिळणे हा धर्माचा विषय ठरवला, आणि त्यामुळे दानाच्या जोडीला न्यायाचा विचार ठळकपणे पुढे आला.

माळव्यात कॅनडाच्या प्रेसबिटेरियन मिशनचे काम १८७७ मध्ये इंदूरला सुरू झाले आणि पुढे धारपर्यंत, तसेच अलीराजपूरकडील आमखुटच्या भिल्ल वस्तीपर्यंत पोहोचले. धारमध्ये डॉ. मार्गारेट ओ'हारा यांनी दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केली. विक्रम संवत १९५६ मध्ये पडल्यामुळे ‘छप्पनिया’ म्हणून ओळखल्या गेलेल्या १८९९-१९०० च्या दुष्काळात भिल्लांच्या मुलखाची दैना झाली आणि मिशनांना अन्नवाटपात व अनाथ मुलांच्या सांभाळात उतरावे लागले. भुकेल्याने अन्नदात्याचा धर्म स्वीकारला, तर ती श्रद्धा मानावी की पोटाची अपरिहार्यता, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. त्यासाठीचा निकष ख्रिस्ती परंपरेतच सापडतो, कारण भाकरी मिळाली म्हणून मागे आलेल्या जमावाला येशूने त्या हेतूबद्दल फटकारल्याचे योहानाच्या शुभवर्तमानात नोंदले आहे. अन्नाच्या बदल्यात श्रद्धा मागणारा त्या अन्नाचाही आणि त्या श्रद्धेचाही व्यापार करतो, असा या निकषाचा अर्थ होतो.

त्याच सुमाराच्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून निराधार मुली-स्त्रियांना केडगावच्या मुक्तिसदनात आणले. ब्रिस्टलचे अनाथाश्रमचालक जॉर्ज म्युलर यांच्या प्रभावातून, निधीसाठी माणसांपुढे हात न पसरता ईश्वरावर भिस्त ठेवण्याचे तत्त्व रमाबाईंनी अंगीकारले. पण त्या भरवशाला त्यांनी शेती, विणकाम आणि छापखाना यांची जोड दिली. अन्नासाठी आलेली स्त्री आश्रयापुरती न राहता स्वतःच्या हातांनी कमावणारी व्हावी, ही त्यांची दृष्टी होती आणि संपत्तीचा विनियोग माणूस उभा करण्यासाठी कसा करता येतो, याचे ते मराठी भूमीतील सर्वांत ठोस उदाहरण ठरले.

१८९५ मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेचा जलसंस्कार, घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी हाच प्रश्न मिशनच्या पगाराच्या बाजूने विचारला. परदेशी पैशावर पोसलेली मंडळी स्वतःच्या आत्म्याची धनीण होऊ शकत नाही, या जाणिवेने त्यांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा समुदाय, उभारण्याचे काम हाती घेतले. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, त्यांचे निधन झाले. या त्यागाची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त दिसते, कारण पतीच्या औदार्याने रिकाम्या झालेल्या घरात चूल पेटवण्याची जबाबदारी त्यांच्यावरच येत असे. वैराग्याचा महिमा गाणाऱ्या धर्मचिंतनाने त्या वैराग्याची किंमत घरातले कोण चुकवते, याचाही हिशेब ठेवला पाहिजे, ही या आत्मचरित्राने ख्रिस्ती अर्थविचारात घातलेली अमोल भर आहे.

वसईत हा प्रश्न जमिनीच्या रूपाने आला. महामुंबईच्या विस्तारात वाड्या, विहिरी आणि शेते इमारतींच्या घशात जाऊ लागली, तेव्हा कॅथलिक धर्मगुरू आणि ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या आंदोलनात अग्रभागी राहिले. भूमी ही विकून टाकण्याची मालमत्ता नसून पुढच्या पिढ्यांसाठी सांभाळायची ठेव आहे, या विश्वस्तभावाला तेथे राजकीय धैर्याची जोड मिळाली. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे दिब्रिटो २०२४ मध्ये निवर्तले.

या साऱ्या परंपरेची सर्वांत कठोर कसोटी देवास जिल्ह्यातच लागली. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या केरळी धर्मभगिनी राणी मारिया यांनी १९९२ पासून उदयनगर भागातील आदिवासींना बचतीचे, संघटनेचे आणि हक्कांचे शिक्षण दिले. त्यामुळे सावकारी पाश सैल होऊ लागला आणि ज्यांचे हितसंबंध दुखावले, त्यांच्या रोषातून २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. त्यांच्या कुटुंबाने मारेकऱ्याला क्षमा केली आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने त्याला राखी बांधून भाऊ मानले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. कॅथलिक परंपरेत ही संतपदाच्या आधीची पायरी असते. असिसीच्या फ्रान्सिसचे अकिंचनत्व येथे कर्जमुक्तीच्या कामाला येऊन मिळाले, आणि आध्यात्मिक मूल्य म्हणजे व्यवहारापासून पळणे हा समज या एका आयुष्याने खोटा ठरवला.

चर्च स्वतः जमीन, शाळा आणि रुग्णालये यांची मालक आहे, त्यामुळे ही शिकवण तिने आधी स्वतःच्या हिशेबवहीला लावली पाहिजे. शाळेतील प्रवेश, रुग्णालयातील खाट आणि संस्थेच्या जमिनीचा प्रत्येक व्यवहार यांतून गरिबाला काय मिळाले, हे तिने जाहीरपणे सांगायला हवे. मात्र हा निकष एका धर्मापुरता नाही. दिवाळीत घरोघरी लक्ष्मीपूजन होते, तेव्हा प्रत्येक वाचकाने आपल्या घरातील धनाला तोच प्रश्न विचारावा : ते कोणाच्या श्रमातून आले, आणि ते कोणाला उभे करते?