धुळीच्या वर्कशॉपमध्ये कोणते लिनिअर बेअरिंग घ्यावे?

सिल्वासा परिसरातील आपली अनेक मराठी कुटुंबे मसाट, आमळी, पिपरिया, खडोली येथील कारखान्यांशी जोडलेली आहेत. काहींनी नोकरी सांभाळून स्वतःचे छोटे वर्कशॉपही सुरू केले आहे. आमच्या एका सभासदाच्या लाकूडकामाच्या राउटर मशीनचे गाईड पहिल्याच पावसाळ्यात अडकू लागले. नक्षी बिघडली, हातची ऑर्डर गेली. बेअरिंग निकृष्ट नव्हते, त्या जागेला योग्य नव्हते. म्हणून ही माहिती.

सरळ रेषेत सरकणाऱ्या बेअरिंगचे नेहमी लागणारे तीन प्रकार असे :

१. एलएम गाईड : ब्लॉकमध्ये छर्रे फिरतात. घर्षण अत्यल्प, अचूकता उत्तम. पण आत शिरलेला भुसा ग्रीसमध्ये कालवला जाऊन लगदा होतो. दगडाची पूड गेली तर तेच ग्रीस पॉलिश पेस्टसारखे घासते. हेच हवे असेल तर दुहेरी सील, पुढे धातूचा स्क्रॅपर आणि वर बेलोज घ्यावेत.

२. गोल रॉडवरचे छर्ऱ्यांचे बेअरिंग : स्वस्त व बसवायला सोपे. मात्र धूळ इथेही छर्ऱ्यांत जाते आणि रॉडवर चरे पडतात. रॉड हार्डन केलेलाच हवा.

३. प्लास्टिकचा कोरडा बुश : छर्रे नाहीत, तेल नाही, त्यामुळे धूळ चिकटत नाही, खाचांतून बाहेर पडते. घर्षण मात्र छर्ऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आणि थोडी ढिलाई असते. दोन बुशांत १०० मिमी अंतर असेल, तर ढकलणारा स्क्रू रॉडपासून २०० मिमीपेक्षा दूर नसावा. नाहीतर बुश तिरका होऊन अडकतो.

थोडक्यात, बारीक मापाच्या कामाला झाकलेले एलएम गाईड. सरकते दार, फीडर, पॅकिंग यांना कोरडा बुश.

निगा राखताना कॉम्प्रेसरची हवा मारू नये. त्याने धूळ सीलच्या आत जाते. ब्रश व व्हॅक्यूम वापरावा. एलएम गाईडला जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. कोरड्या बुशला तेल लावूच नये. आपल्याकडच्या पावसात साधा रॉड गंजतो, म्हणून बुशसाठी स्टेनलेस किंवा हार्ड अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमचा रॉड बरा. छर्ऱ्यांखाली मात्र अ‍ॅल्युमिनियम चालत नाही.

खरेदीपूर्वी आपल्या मशीनवर साचलेली धूळ चिमटीत घेऊन पाहावी. ती मऊ आहे की खरखरीत, यावरच निम्मा निर्णय होतो.