दुष्काळाला दिलेले उत्तर

घाटनांदूरच्या माणसाला दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही. १९७२ चा दुष्काळ मराठवाडा विसरलेला नाही. पण भोगलेल्या दुःखाचे करायचे काय? पंडिता रमाबाईंचे उत्तर मला मोलाचे वाटते.

१८७० नंतरच्या दशकात दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि बहीण नेली. १८८२ मध्ये पतीही गेले. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. देव स्वतः क्रूसावर दुःखात उतरला, असे ही श्रद्धा मानते. त्यामुळे दुःखितांपाशी जाणे हीच तिथे उपासना ठरते.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो उपाशी मुली व विधवांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. उपाशी पोरीचे डोळे काय बोलतात, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नव्हते!

१९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम रमाबाईंनी सोडले नाही. १९२२ मध्ये त्यांनी डोळे मिटले.

आमच्या घरात संकटकाळी 'सब्र कर' म्हणतात. सब्र म्हणजे हातावर हात धरून बसणे नव्हे, हे मला रमाबाईंमुळे उमगले.