चमचाभर गुळासाठी किती दाणे?

तुझ्या वाटीत 12 चमचे भाजलेले दाणे आहेत आणि चिरलेला गूळ मात्र फक्त 3 चमचे. आणखी एक चमचा गूळ हवा असेल, तर बदल्यात किती दाणे देशील?

"ते आवडीवर आहे," म्हणशील. खरंय! पण आवडही सूत्रात मांडता येते. समजा, आनंदाचे गुण म्हणजे दाणे गुणिले गूळ. नुसते दाणे, गुण शून्य. नुसता गूळ, तरी शून्य. मजा आहे ती दोन्हींच्या एका घासात! तुझे गुण झाले 12 × 3 = 36. अशा सूत्राला अर्थशास्त्रात म्हणतात उपयोगिता फलन.

आता गूळ 4 चमचे झाला, तर 36 गुणांना 9 चमचे दाणे पुरतात. म्हणजे 3 चमचे दाणे दिलेस तरी आनंद तेवढाच. मग दर 3? थांब, अख्खा चमचा नको, चिमूटभर गूळ घेऊन बघ. चमच्याचा दहावा भाग घेतलास तर दर येतो सुमारे 3.87. शंभरावा भाग घेतलास तर 3.99! चिमूट जितकी लहान, तितका दर 4 च्या जवळ. हा 4 म्हणजे तुझा सीमांत पर्यायता दर.

आणि मला भारी आवडते ती गंमत पुढेच आहे. चिमटी न मोजताही हा 4 सापडतो! दाणे तेवढेच ठेवून गूळ एक चमचा वाढला, तर 12 गुण वाढतात. गूळ तेवढाच ठेवून दाणे एक चमचा वाढले, तर 3. भागाकार कर: 12 ÷ 3 = 4. सगळे गुण दुप्पट धरलेस तर? 24 ÷ 6, पुन्हा 4 च! आनंद मोजायची पट्टी बदलली, पण दर जागचा हलला नाही. म्हणून तर 1934 मध्ये जॉन हिक्स आणि रॉय ॲलन या इंग्रज अर्थतज्ज्ञांनी आनंद मोजायचा नाद सोडला आणि हा दर हाती धरला.

आता मैत्रिणीची वाटी बघ. 4 चमचे दाणे, 9 चमचे गूळ. तिचेही गुण 36, पण तिचा दर 4 ÷ 9, अर्ध्याहूनही कमी! तिला गुळाचं अप्रूप कुठलं? तू तिला 2 चमचे दाणे दे आणि 1 चमचा गूळ घे. तुझे गुण 10 × 4 = 40, तिचे 6 × 8 = 48. बाहेरून एक दाणाही आला नाही, तरी दोघंही खूश! फ्रान्सिस एजवर्थ यांनी 1881 मध्ये अशाच सौद्यांचं गणित मांडलं, आणि उदाहरणाला घेतले चक्क रॉबिन्सन क्रूसो आणि फ्रायडे.

तुमचे दर अजून वेगळेच आहेत: तुझा 10 ÷ 4, तिचा 6 ÷ 8. म्हणजे आणखी सौदा जमेल. दोघांचे दर सारखे झाले की मगच थांबायचं. तेव्हा तो दर किती असेल? एकूण दाणे 16 चमचे, एकूण गूळ 12 चमचे. काढ बघू!