मुदखेडहून दिसलेलं मास्टरशेफ

२०१० च्या ऑक्टोबरात स्टार प्लसवर ‘मास्टरशेफ इंडिया’ सुरू झालं तेव्हा नांदेडजवळच्या आमच्या मुदखेडात तो कार्यक्रम सलग पाहायला मिळणं हीच एक स्पर्धा होती. भारनियमनाचे दिवस. अक्षयकुमार कुणाच्या तरी ताटातला घास तोंडाजवळ न्यायचा आणि लाइट जायची. पुढे काय झालं ते दुसऱ्या दिवशी नांदेडला कॉलेजला जाणाऱ्या पोरींकडून कळायचं.

टीव्हीवर स्वयंपाक दिसणं तेव्हा नवीन नव्हतं. संजीव कपूरचं ‘खाना खजाना’ १९९३ पासून चाललेलं. मराठीत ‘आम्ही सारे खवय्ये’ होतं. कुणीतरी ताई यायच्या, काहीतरी करायच्या, प्रशांत दामले एक घास खायचे आणि डोळे मिटून वाहवा करायचे. तिथे कुणाचंच काही बिघडत नसे. पुढे त्याच ओट्यापाशी परभणीचा संकर्षण कऱ्हाडे उभा राहिला आणि आमच्याकडच्या बायांना तो घरचाच वाटला. पण खवय्येगिरी वेगळी आणि परीक्षा वेगळी. मास्टरशेफमध्ये पहिल्यांदा दिसलं की भाजी करपली म्हणून एखादा सगळ्या देशासमोर रडतो आणि घरी जातो. हा साचा मूळचा ब्रिटनचा, बीबीसीवर १९९० मध्ये आलेला. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये त्याला रोजच्या मालिकेसारखी चढउताराची चटक लावली, आणि आपल्याकडे आला तो हा ऑस्ट्रेलियन अवतार. पहिल्या वर्षी जिंकली लखनौची पंकज भदौरिया, शाळेतली नोकरी सोडून आलेली शिक्षिका. मुदखेडसारख्या गावात शिक्षिकेने नोकरी सोडणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तिच्या बिर्याणीपेक्षा तिच्या राजीनाम्याचं जास्त अप्रूप वाटलं.

दुसऱ्या वर्षी शिमल्याची शिप्रा खन्ना जिंकली, तिसऱ्या वर्षी रिपुदमन हांडा. आपला माणूस कुठे आहे, हा प्रश्न तोवर कुणी विचारत नव्हतं. तो विचारायची वेळ आली २०१३ मध्ये, आणि तीही भलत्याच देशामुळे. मास्टरशेफ ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हंगामात ऋषी देसाई नावाचा माणूस आठवड्यामागून आठवडे टिकत गेला. कॅनबेरात सरकारी नोकरी करणारा, मूळचा कोल्हापूरचा. तो चौथा आला. हा कार्यक्रम आपल्याकडे इंग्रजी वाहिनीवर लागायचा, आणि इंग्रजी फारसं न समजणारे लोकही तो बघायचे, कारण तेलात मोहरी तडतडली की भाषा लागत नाही. कोल्हापूरकरांना तांबड्या-पांढऱ्यावर बोलायला आणखी एक निमित्त मिळालं, हा भाग सोडा. मला खटकलं ते दुसरंच. कोल्हापूरचा माणूस कॅनबेरामार्गे आम्हाला दिसला. थेट दिसला नाही.

मग आलं २०१५. हा हंगाम मला नीट आठवतो, कारण तो पूर्ण शाकाहारी होता. संजीव कपूर, विकास खन्ना आणि रणवीर ब्रार परीक्षक, निकिता गांधी विजेती. शाकाहाराला माझा विरोध नाही. आमच्याकडे आठवड्यातले निम्मे दिवस वरण-भाकरीच असते. पण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या आमच्या मराठवाड्यात बिर्याणी आणि मटणाला जी जागा आहे ती एका फटक्यात पुसून ‘भारताचं’ स्वयंपाकघर सजवलं गेलं, हे लक्षात आल्याशिवाय राहिलं नाही. आणि गंमत अशी की त्याच वर्षी शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ मराठीत प्रसिद्ध झालं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या चुलीवर काय शिजत होतं, ते या पुस्तकात पाककृतींसकट आहे: रक्ती, वजडी, वाळवलेल्या मांसाच्या चान्या. ते काय, कसं आणि कोणत्या नाइलाजाने खाल्लं जात होतं, हे पाटोळे कसलाही आव न आणता सांगतात. पुढे २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेलं. एकाच वर्षी टीव्हीवर एक स्वयंपाकघर दिसत होतं आणि पुस्तकात दुसरं. मराठवाड्याचं खरं वर्णन दुसऱ्यात होतं. हे पुस्तक आमच्या बाजूच्या प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात असायला पाहिजे. असेल का, याबद्दल मला शंका आहे.

नंतरची काही वर्षं मी हा कार्यक्रम फारसा पाहिला नाही. पुन्हा बसलो ते सहाव्या हंगामाच्या शेवटाला. १ मार्च २०२० ला अबिनाश नायक जिंकला. ओडिशाचा पोरगा, हैदराबादेत आयटी कंपनीत नोकरीला. त्याने ओडिशाचं जेवण ओडिशाचं म्हणून मांडलं. बंगालच्या आडोशाला जाऊन नाही, ‘पूर्व भारतीय’ असं गुळमुळीत काही म्हणून नाही. पुढे साडेतीन आठवड्यांत टाळेबंदी लागली आणि सगळा देशच आपापल्या स्वयंपाकघरात कोंडला गेला. मुदखेडातल्या बायकांनी यूट्यूब बघून केक केले, कुकरमध्ये मीठ घालून. कुकरची रबरं त्या वर्षी किती गेली असतील देव जाणे.

सातवा हंगाम २ जानेवारी २०२३ ला सोनीवर सुरू झाला आणि ३१ मार्चला संपला. या मागोव्यात सर्वांत जास्त वेळ इथे थांबायला हवं. शेवटच्या तिघांत दोघं आसामच्या तिनसुकियाचे: नयनज्योती सैकिया आणि सांता सरमा. तिसरी मुंबईची सुवर्णा बागुल. नयनज्योती जिंकला, सांता दुसरी आणि सुवर्णा तिसरी आली. मराठी नाव असलेली गृहिणी शेवटच्या फेरीपर्यंत पोचली, याचा आनंद होताच. गरिमा अरोरासारखी परीक्षक, जिच्या बँकॉकच्या हॉटेलला २०१८ मध्ये मिशेलिन तारा मिळाला, ती समोर उभी असताना घरच्या अनुभवावर इतकं टिकून राहणं सोपं नाही. पण माझं लक्ष वारंवार तिनसुकियाकडे जात होतं. नयनज्योतीला घरून परवानगी नव्हती. मुलाने स्वयंपाक करायचा, तोही टीव्हीवर, हे वडलांच्या गळी उतरत नव्हतं. म्हणून विकास खन्ना स्वतः आसामात त्याच्या घरी गेला आणि वडलांना पटवून त्याला घेऊन आला. एका परीक्षकाने एवढं करावं? टीव्हीचा भाग म्हणून केलं असेल, कॅमेरे सोबत असतील, ते सगळं मान्य. पण गेला, हे खरं.

त्याच वर्षाच्या शेवटी आठवा हंगाम आला. त्यात मंगळूरचा मोहम्मद आशिक जिंकला, सरबतांचं दुकान चालवणारा चोवीस वर्षांचा पोरगा. आधीच्या हंगामात त्याला निवड फेरीतूनच परत पाठवलं होतं. दुसरी आली मेघालयाची नांबी जेसिका मराक. म्हणजे २०२० ते २०२३ या काळात ओडिशा, आसाम आणि मेघालय यांची नावं या पडद्यावर स्वच्छ उमटली. मराठवाड्याचं उमटलं नाही.

तशी मराठवाड्यात जन्मलेली एक व्यक्ती शेवटच्या फेरीत पोचलीच. २०२५ च्या जानेवारीत ‘सेलिब्रिटी मास्टरशेफ’ सुरू झालं, फराह खान सूत्रधार. त्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या उषा नाडकर्णी होत्या, गायक अभिजीत सावंत होता, तेजस्वी प्रकाश होती, आणि निक्की तांबोळी होती. ही निक्की छत्रपती संभाजीनगरची. एप्रिलमध्ये गौरव खन्ना जिंकला आणि निक्की दुसरी आली. आता यावर काय म्हणावं? आमच्या विभागाची पोरगी मास्टरशेफमध्ये उपविजेती, हे खरं. ती तिथे बिग बॉसच्या वाटेने पोचली, हेही खरं. उषाताईंना मात्र मी मनापासून पाहिलं. ओट्यापाशी त्या जितक्या सहजपणे वैतागायच्या तितक्या सहजपणे आमच्याकडची कोणतीही आजी वैतागते. शेवटच्या पाचात त्या नव्हत्या.

मग अडतं कुठे? लोक म्हणतात, आमचं जेवण साधं. मला हे पटत नाही. अडतं ते घड्याळाशी. मास्टरशेफचं घड्याळ तासाभराचं, आणि मराठवाड्याचा स्वयंपाक त्या तासाच्या आधीच अर्धा होऊन गेलेला असतो. येसर घ्या. धान्यं आणि डाळी वेगवेगळ्या भाजायच्या, मसाल्यासोबत दळून ठेवायच्या, आणि लग्नात शंभर पानांची आमटी त्यावर काढायची. आमटीला वेळ लागत नाही, वेळ लागतो तो उन्हाळ्यातल्या त्या भाजणीला. काळ्या मसाल्याचंही तेच. स्पर्धेत मसाला बाहेरचा चालत नाही असं नाही, पण परीक्षक बघतात ते समोर काय केलं ते. आमच्या बायांची सगळी हुशारी डब्यात बंद असते.

दुसरी अडचण ताटाची. लातूर, धाराशिवकडे वेळ अमावस्या असते. आम्ही तिला येळवस म्हणतो. त्या दिवशी भज्जी होते, हिवाळ्यात शेतात जे जे हिरवं आणि शेंगेत असेल ते सगळं बेसनात एकत्र शिजवलेलं. सोबत उंडे, आंबील, खीर. हे शेतात बसून, दिसेल त्या वाटसरूला हाक मारून खायचं. आता हे एका गोल पांढऱ्या बशीत, मधोमध चमचाभर, बाजूला पाकळी ठेवून कसं मांडणार? तसं पाकळ्यांचं आमच्याकडे कमी नाही. मुदखेड तालुका फुलशेतीसाठी ओळखला जातो. गुलाब, मोगरा, काकडा इथून बाजाराला जातो. एवढी फुलं असून भाजीवर फूल ठेवायची बुद्धी मात्र आमच्यात कुणाला झाली नाही, आणि त्याबद्दल मी ईश्वराचा आभारी आहे.

साहित्य नाही असंही कुणी म्हणू नये. २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातली बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळालं. जालन्याची दगडी ज्वारी आणि वसमतची हळदही त्याच सुमाराची. या पाच जिनसांवरच अख्खं ताट उभं राहतं: भाकरी, आंबट वरण, वर कोथिंबीर. परीक्षकांना डाळीच्या गावाचं नाव ऐकायला आवडतं, हे इतके हंगाम बघून मला कळलेलं आहे. आणि विकास खन्ना तर नेहमी सांगतो की अमृतसरच्या लंगरात तो घडला. नांदेडला सचखंड गुरुद्वारा आहे, तिथला लंगर रोज किती पंगती उठवतो ते येऊन बघावं. त्या परातींपुढे उभं राहिलेल्या माणसाला ऐनवेळी पुढ्यात येणाऱ्या मिस्ट्री बॉक्सची काय भीती?

तिसरी गोष्ट प्रवासाची, आणि गंमत म्हणजे ती आमच्या बाजूची आहे. या स्पर्धेच्या पहिल्या फेरीत पदार्थ घरून करून न्यायचा असतो, तिथे फक्त मांडायचा. मुंबईची बाई तासाभरात पोचते. मुदखेडच्या बाईला रात्रभर नंदिग्राममध्ये किंवा देवगिरीत बसून जावं लागेल. सॉस फाटेल, सुफले बसेल. पण धपाटे? दशम्या? शेंगदाण्याची चटणी? हे पदार्थ गाडीसाठीच जन्माला आलेत. दुधात भिजवलेली दशमी दुसऱ्या दिवशी जास्त मऊ लागते. रात्रभराच्या प्रवासाने चव वाढणारं जेवण घेऊन जाणारी उमेदवार एखाद्या निवड फेरीला पोचली, तर मला तिची भीती वाटणार नाही. भीती वाटेल ती एवढ्याचीच की फलाटावरच कुणीतरी तिला सांगेल, ‘अगं, धपाटे काय नेतेस, पास्ता ने.’

हा सल्ला देणारे गावोगावी आहेत. अबिनाश नायकला, नांबी मराकला तो नक्कीच कुणीतरी दिला असणार. त्यांनी ऐकला नाही. आमच्याकडे मात्र पाहुणा आला की पहिल्यांदा पनीर आणायला माणूस पळतो. मुदखेडात सीआरपीएफचं प्रशिक्षण महाविद्यालय आहे, देशभरातून माणसं इथे येतात. त्यांनाही हॉटेलात मिळतं ते शाही पनीर आणि बटर नान. येसर आमटी मागितली तर वेटर तुमच्याकडे काळजीने बघेल.

तेव्हा यापुढचे हंगाम येतील तेव्हा कुणी विकास खन्नाला एवढंच कळवावं. तो तिनसुकियाला गेला होता. मुदखेड जंक्शन आहे, मुंबईहून थेट गाडी आहे, आणि इथे परवानगी वडलांची नाही, सासूची लागते.