चाळीस नंबर, नव्वद नंबर : खानदेशातील ट्रॅक्टरचे तेल

वंगण म्हटले की खानदेशातील जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर बैलगाडीचा कणा आणि एरंडेल येते. परंतु जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या शेतीत वंगणाचा विषय आता मुख्यतः ट्रॅक्टरच्या निमित्ताने निघतो, आणि तोही ‘ऑइल’ या नावाने. हे एकच यंत्र एप्रिल-मेमध्ये कापसाच्या रिकाम्या रानात पलटी नांगर ओढते, जून-जुलैत केळीच्या मृगबागेसाठी आणि ऑक्टोबरपासून कांदेबागेसाठी जमीन तयार करते, आणि मधल्या काळात केळीचे घड किंवा कापूस भरलेली ट्रॉली घेऊन सावदा-रावेरच्या अथवा बोदवड-जामनेरच्या रस्त्याला लागते. तापीकाठची खोल काळी जमीन, यावल-चोपड्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याची गोटाळ जमीन आणि साक्री तालुक्यातील चढउतार, हे सर्व त्याला तुडवावे लागते. परदेशात ज्याला ‘ऑल टेरेन व्हेइकल’, म्हणजे कोणत्याही जमिनीवर चालणारे वाहन, म्हणतात ते चार चाकांच्या मोटारसायकलीसारखे वाहन येथील शेतकऱ्याला फारसे ओळखीचे नाही. ते काम येथे ट्रॅक्टर करतो, आणि त्याच्या तेलाची निवड वरवर दिसते तितकी सोपी नसते.

ट्रॅक्टरमध्ये तेलाचे दोन मोठे साठे असतात: पुढे इंजिनाखालच्या चेंबरमधला आणि मागे गिअरबॉक्स, डिफरन्शियल व लिफ्ट यांचा. दुकानात या दोहोंची मागणी बहुधा नंबराने होते. इंजिनाला ‘चाळीस नंबर’, मागे ‘नव्वद नंबर’. नव्वद हा आकडा चाळीसच्या दुपटीहून मोठा असल्याने ते तेलही दुपटीहून जाड असणार, असा समज त्यातून सहज होतो. प्रत्यक्षात हे आकडे दोन वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आहेत. दोन्ही पट्ट्या अमेरिकेतील ‘एसएई’ या १९०५ साली स्थापन झालेल्या अभियंत्यांच्या संस्थेच्या असून, त्या तेलाची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा अंतर्गत विरोध, सांगतात. हा विरोध सेंटिस्टोक या एककात मोजतात. १०० अंश सेल्सिअसला इंजिनाच्या चाळीस नंबरची विष्यंदिता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असावी लागते, तर गिअरच्या नव्वद नंबरची १३.५ ते १८.५ च्या दरम्यान. म्हणजे गरम झाल्यावर ही दोन तेले जवळजवळ सारखीच वाहतात. फरक आहे तो जाडीत कमी आणि त्यांत मिसळलेल्या रसायनांत अधिक, आणि डब्यावरचा मोठा आकडा त्याविषयी काहीच सांगत नाही.

इंजिनाच्या डब्यावर आज नुसता चाळीस हा आकडा क्वचित असतो. तेथे ‘१५डब्ल्यू-४०’ किंवा ‘२०डब्ल्यू-४०’ असे लिहिलेले असते. यातील ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा असून त्याच्या आधीचा आकडा थंडीतील वागणूक दाखवतो. १५डब्ल्यू तेलाची कसोटी उणे २० अंशांना, तर २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना घेतली जाते. धुळ्याचा पारा थंडीच्या लाटेत दहा अंशांच्या खाली उतरला तरी तो या कसोट्यांपासून फार दूर राहतो, त्यामुळे या दोहोंतील निवड खानदेशात डोकेफोड करण्यासारखी नाही. उत्पादकाच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल ते घ्यावे. खरी चूक उलट्या टोकाला होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे तापमान ४५ अंशांच्या आसपास गेले की तेल पातळ होईल या भीतीने काही मालक पन्नास नंबरकडे वळतात. परंतु इंजिनातील तेलाचे तापमान हवेपेक्षा भार आणि कूलिंग यांवर अधिक ठरते. नांगरटीच्या भाराखाली ते कोणत्याही ऋतूत १०० अंशांच्या आसपास पोहोचते, आणि ४० हा दुसरा आकडा त्याच तापमानासाठी दिलेला असतो. रेडिएटरच्या जाळीत भुसा आणि कापसाचे तंतू बसले असतील तर इंजिन तापणारच, आणि त्यावर जाड तेल हा उपाय नव्हे. उलट सकाळी स्टार्टर मारल्यानंतर जाड तेल वरच्या रॉकरपर्यंत पोहोचायला अधिक वेळ घेते, आणि तेवढा वेळ धातूवर धातू घासतो.

आकड्यांनंतर येतात अक्षरे. ‘एपीआय’ या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या वर्गवारीत डिझेल इंजिनाच्या तेलाला ‘सी’ने सुरू होणारी श्रेणी असते: १९९० ची सीएफ-४, १९९८ ची सीएच-४, २००२ ची सीआय-४ आणि २०१६ ची सीके-४. नव्या श्रेणीच्या तेलात काजळी विखुरलेली ठेवण्याची आणि ज्वलनातून आलेली आम्ले मारण्याची क्षमता वाढत गेली आहे. म्हणूनच नवे तेल काही तासांतच काळे पडले तर ते खराब निघाले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. काजळी चेंबरच्या तळाशी गाळ होऊन न बसता तेलात तरंगत राहिली, एवढाच त्याचा अर्थ असतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना ‘ट्रेम-४’ ही उत्सर्जनाची मर्यादा लागू झाली, आणि ज्या इंजिनाच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आहे त्याला कमी राखेचे तेल लागते, कारण तेलातील धातुयुक्त रसायने जळून जी राख उरते ती फिल्टरमध्ये कायमची अडकते. सीके-४ श्रेणीत ही राख एक टक्क्याच्या आत ठेवलेली असते.

तथापि खानदेशात इंजिनाचा मोठा शत्रू धूळ हा आहे. अडीच लिटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर चालत असेल तर ते दर मिनिटाला दोन हजारांहून अधिक लिटर हवा ओढते, आणि उन्हाळी नांगरटीत ती हवा म्हणजे ट्रॅक्टरने स्वतःच उडवलेला धुरळा असतो. त्यातील गारेचे बारीक कण बिडाच्या सिलिंडरपेक्षा कठीण असल्याने ते रिंग आणि लायनर यांच्यामध्ये पॉलिश कागदासारखे काम करतात. जुन्या रचनेच्या ट्रॅक्टरवर याला तोंड देण्यासाठी तेलाचा एअर क्लीनर असतो: बाहेरची हवा मधल्या नळीतून खाली येते, वाटीतील तेलावर आपटून एकदम वर वळते, जड कण तेलात पडतात आणि उरलेले तेलाने ओल्या तारेच्या जाळीत अडकतात. वाटीच्या आतल्या अंगाला पातळीची खूण असते. तेल तिच्या खाली गेले तर धूळ निसटते, आणि वर भरले तर तेलच इंजिनात ओढले जाऊन जळते. नांगरटीच्या दिवसांत ही वाटी रोज उघडून, तळाशी बसलेला मऊ काळा चिखल बोटाने पाहणारा चालक, महागडे इंजिन तेल भरून वाटीकडे दुर्लक्ष करणाऱ्या चालकापेक्षा इंजिनाचे आयुष्य अधिक राखतो. नव्या ट्रॅक्टरवर कोरडे, कागदी फिल्टर आले आहेत, पण त्यांनाही ही दक्षता चुकलेली नाही.

मागच्या तेलाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. हॅरी फर्ग्युसन यांच्या १९४६ पासून कॉव्हेंट्रीत तयार होऊ लागलेल्या टीई-२० ट्रॅक्टरमध्ये लिफ्टचा हायड्रॉलिक पंप मागच्या हाउसिंगमध्येच बसवलेला होता, आणि गिअर व लिफ्ट एकाच तेलावर चालत. ही मांडणी पुढे जगभर रुजली. त्यात नंतर ब्रेकची भर पडली. कोरड्या ब्रेकऐवजी तेलात बुडालेल्या चकत्यांचे ब्रेक आले, ज्यांना शेतकरी ‘ऑइल ब्रेक’ म्हणतात. त्यामुळे आता त्याच तेलाने गिअरच्या दातांमध्ये टिकाऊ पापुद्रा धरावा, पंपातून चपळाईने वाहावे, आणि ब्रेकच्या चकत्यांना मात्र निसटू देऊ नये, अशा परस्परविरोधी अपेक्षा ठेवल्या जातात.

नव्वद नंबरचे तेल येथे कमी पडते. गिअर तेलाची ‘जीएल-५’ ही श्रेणी जास्त दाबाखाली घसरत फिरणाऱ्या दातांसाठी असून तिच्यात गंधक-फॉस्फरसयुक्त रसायनांचे प्रमाण ‘जीएल-४’ च्या जवळजवळ दुप्पट असते. ही रसायने पितळ-काशाच्या बुशांना व सिंक्रोनायझर कड्यांना कोरू शकतात, आणि ब्रेकच्या चकत्यांवर एकतर निसरडेपणा आणतात किंवा त्या झटक्याझटक्याने धरू लागतात. पेडल दाबताच मागून येणारी घरघर ही त्याची ओळख. भरलेली ट्रॉली उतारावर असताना ही घरघर हसण्यावारी नेण्याजोगी नसते. चार चाकांच्या मोटारसायकलींनाही हाच प्रश्न वेगळ्या जागी भेडसावतो: त्यांचा क्लच बहुधा इंजिनाच्या तेलातच फिरत असल्याने मोटारीचे ‘इंधन वाचवणारे’ तेल त्याला घसरवू शकते, आणि म्हणून अशा क्लचसाठी जपानी ‘जासो’ मानकाचे ‘एमए’ चिन्ह पाहण्याची रीत आहे. ट्रॅक्टरसाठीचे तोलून-मापून बनवलेले तेल ‘यूटीटीओ’ या आद्याक्षरांनी ओळखतात, ज्याचा विस्तार ‘सर्व ट्रॅक्टरांचे ट्रान्समिशन तेल’ असा करता येईल. ते हाताला नव्वद नंबरपेक्षा पातळ लागते, आणि हेच दुकानात त्याच्या विरुद्ध जाते. पाण्यासारखे तेल गिअर कसे सांभाळणार, ही शंका स्वाभाविक असली तरी पंपाला आणि लिफ्टला तो पातळपणाच हवा असतो.

मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बुधनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालांत प्रत्येक मॉडेलच्या तेलाची क्षमता, श्रेणी आणि चाचणीतील तेलाचा खप यांची नोंद असते. विकत घेण्यापूर्वी हे अहवाल वाचण्याची पद्धत खानदेशात रुजली असती, तर पुष्कळसे वाद मिस्त्रीच्या दुकानापर्यंत आलेच नसते. तेल बदलण्याचे माप मात्र किलोमीटर नसून तासांचे मीटर असते. अनेक मॉडेलांना पहिला बदल ५० तासांवर आणि पुढे इंजिनाला दर २५० तासांनी सांगितलेला असतो. मागचे तेल बरेच अधिक टिकते. मागचे तेल गरम असताना सोडले की तळाच्या बोल्टवरील चुंबकाला राखाडी, लोण्यासारखा लगदा चिकटलेला दिसतो, आणि पहिल्या बदलात तो दिसणे अपेक्षितच आहे. त्यात नखाने उचलता येणारे चमकते तुकडे सापडले तर मात्र हाउसिंग उघडावे लागते.

तेल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी गेले आहे, आणि पाण्याची एक वाट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हायड्रॉलिक ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरच्या मागच्या तेलावरच उचलला जातो, आणि ट्रॉली सोडताना त्यातले तेल थोडेफार तिच्यातच राहते. गावात भाड्याने फिरणारी ट्रॉली आज एकाच्या ट्रॅक्टरचे नव्वद नंबर, उद्या दुसऱ्याचे यूटीटीओ आणि कपलिंगच्या उघड्या तोंडातून शिरलेले पावसाचे पाणी अशी भेळ घेऊन तिसऱ्याच्या लिफ्टला जोडली जाते. मग मालकाने डबा कितीही निवडून आणलेला असला, तरी त्याच्या ब्रेकच्या चकत्यांवर पोहोचणारे तेल त्याने निवडलेले नसते.