विजेरीतील घट : स्वस्त कोणता, भरवशाचा कोणता?

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात वेलचेरी नावाची दाट वस्ती आहे. पळ्ळिकरणैच्या दलदलीलगतची ही भूमी सखल असल्याने अतिवृष्टीत ती लवकर पाण्याखाली जाते. १ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या चोवीस तासांत जवळच्या तांबरम येथे सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस पडला, तेव्हा वेलचेरीतील तळमजले बुडाले आणि वीजही गेली. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाने तोच प्रसंग पुन्हा आणला. या दोन पुरांमध्ये आठ वर्षांचे अंतर आहे. पहिल्या पुराने शहाणे होऊन एखाद्या कुटुंबाने नवे घट घालून विजेरी कपाटात ठेवली असेल, तर दुसऱ्या पुराच्या रात्री ती पेटेल काय? घटांची तुलना करताना हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. सर्वांचे लक्ष असते ते ‘किती तास चालतो’ याकडे.

बाजारात एकाच आकाराचे तीन प्रकारचे घट मिळतात. पहिला जस्त-कार्बन घट. फ्रेंच शास्त्रज्ञ लक्लांशे याने १८६६ साली केलेल्या ओल्या घटाचा हा वंशज होय. १८८६ मध्ये जर्मनीतील कार्ल गासनर याने त्याला कोरडे रूप दिले. यात जस्ताची डबी हीच ऋणाग्र असते. मध्ये कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगॅनीज डाय-ऑक्साइड, आणि नवसागर किंवा झिंक क्लोराइड यांचा ओलसर लगदा. वीज देताना जस्त झिजते. म्हणजे हा घट आपली भिंतच खात असतो! भिंतीला छिद्र पडले की आतील द्रव बाहेर येऊन विजेरीच्या पत्र्या खातो.

दुसरा अल्कलाइन घट अमेरिकेत लुईस अरी याच्या संशोधनातून १९५९ च्या सुमारास बाजारात आला. रचना येथे उलटी आहे. जस्ताची भुकटी मध्यभागी, मँगॅनीज डाय-ऑक्साइड तिच्याभोवती आणि बाहेर पोलादी डबी. भुकटीचा पृष्ठभाग विस्तीर्ण असल्याने व पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण विजेला सुलभ वाट देत असल्याने घटाचा अंतर्गत रोध कमी असतो. तिसरा लिथियम-आयर्न डायसल्फाइड घट सर्वांत महाग. त्यात पाणी मुळीच नसते. पेन्सिल आकाराचा अल्कलाइन घट सुमारे २३ ग्रॅम भरतो, तर हा केवळ १५ ग्रॅम.

वेष्टनावरील जाहिरातीपेक्षा त्यावरील बारीक संकेताक्षरे अधिक खरी बोलतात. पेन्सिल घटावर ‘आर ६’ असेल तर तो जस्त-कार्बन, ‘एलआर ६’ असेल तर अल्कलाइन, ‘एफआर ६’ असेल तर लिथियम. सोनेरी रंग आणि ‘सुपर’ हा शब्द कोणत्याही प्रकारावर छापता येतो.

आता तुलनेकडे वळू. भिंतीवरील घड्याळाला अत्यल्प प्रवाह लागतो, म्हणून तेथे स्वस्त जस्त-कार्बन घटही वर्षभर सुखाने चालतो. महाग घट घालणे ही उधळपट्टी होय. प्रखर विजेरीचे गणित निराळे. अल्कलाइन घटाची धारिता मंद प्रवाहात २,५०० मिलिअँपियर-तासांहून अधिक भरते. परंतु एक अँपियर प्रवाह सतत ओढला असता त्यातील निम्मीही हाती येत नाही. लिथियम घट मात्र अशा ओढीतही सुमारे ३,००० मिलिअँपियर-तासांपर्यंत देतो. जस्त-कार्बन घट जोराच्या ओढीने लवकर थकतो, पण विश्रांती मिळताच काहीसा सावरतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय प्रमाणित चाचण्यांत घट बहुधा थांबून थांबून वापरले जातात. विजेरी अखंड पेटवून काढलेला निष्कर्ष त्याच्यावर थोडा अन्यायच करतो.

तथापि वेलचेरीच्या कपाटातील विजेरी पेटतच नसते. ती वाट पाहत असते. घट न वापरताही आतल्या आत झिजतो, आणि उष्णतेने ही झीज वाढते. चेन्नईचा उन्हाळा तर कडक. उत्पादक जस्त-कार्बन घटाचे साठवण-आयुष्य दोन-तीन वर्षे, अल्कलाइनचे सुमारे दहा, तर लिथियमचे वीस वर्षांपर्यंत सांगतात. यावरून आठ वर्षांची प्रतीक्षा पहिल्याला झेपणार नाही, हे उघड आहे. दुसरा जिवंत राहील, परंतु त्यातील जस्तापासून हळूहळू हायड्रोजन वायू निर्माण होतो व त्याच्या दाबाने द्रावण झिरपू शकते. घटात शक्ती शिल्लक, पण विजेरी निकामी, असा विचित्र प्रकार घडतो. अशा दीर्घ प्रतीक्षेसाठी लिथियम घटाची किंमत मोजणे माझ्या मते योग्यच ठरते.

त्याचा एक दोष मात्र ध्यानात ठेवावा. अल्कलाइन घटाचा दाब दीड व्होल्टपासून उतरत जातो, त्यामुळे साध्या विजेरीचा प्रकाश मंदावून पूर्वसूचना देतो. लिथियम घट शेवटपर्यंत जवळजवळ एकाच दाबाने चालतो आणि मग एकाएकी अंधार करतो. दुसरा संच जवळ हवाच.

अल्कलाइन घटच वापरायचे असतील, तर ते विजेरीत न ठेवता तिच्याशेजारी कोरड्या डबीत ठेवावेत व जुने-नवे मिसळू नयेत. शीतपेटीत ठेवण्याचा प्रघात दमट हवेत घातकच, कारण बाहेर काढताच घटावर दव जमते. पत्र्यांवर पांढरा थर धरलाच असेल, तर हातमोजे घालून कापसाच्या बोळ्याने थोडा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावावा. तो थर अल्कधर्मी असल्याने अम्लाने सुटतो. मग पत्र्या पुसून पूर्ण वाळू द्याव्यात.