ऑनलाइन वर्गातील चर्चा मंच : आपल्या विद्यार्थ्यांनी गप्प का राहू नये?

महाविद्यालयाचा वर्ग आता चार भिंतींत मावत नाही. गुगल क्लासरूम, मूडल, स्वयम् यांवर व्याख्याने येतात, नोट्स येतात, स्वाध्याय येतात. त्यांच्यासोबत आणखी एक जागा असते, जिथे विद्यार्थी लेखी प्रश्न विचारतात आणि शिक्षक किंवा सहाध्यायी उत्तर देतात. हाच चर्चा मंच.

वस्तीतील अभ्यासिकांमध्ये काम करताना एक गोष्ट सतत दिसते. आपले विद्यार्थी व्हिडिओ पाहतात, चाचण्या देतात, पण मंचावर फक्त वाचून बाहेर पडतात. कारण विचारले की उत्तरे बहुधा तीनच मिळतात : इंग्रजी चुकेल, प्रश्न बावळट ठरेल, आडनाव सगळ्यांना दिसेल. ही भीती हवेतून आलेली नाही. वर्गात कोणी बोलायचे आणि कोणी ऐकायचे, हे आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरवले. पण परिणाम पाहा. ज्याच्या घरी शंका विचारायला कोणी शिकलेले नाही आणि ज्याला खासगी क्लास परवडत नाही, त्यालाच या मंचाची सर्वाधिक गरज आहे, आणि तोच गप्प आहे.

मंच हा अभ्यासक्रमाचाच भाग

केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांचे चार भाग असतात : व्हिडिओ व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन चाचण्या आणि शंकानिरसनासाठी चर्चा मंच. म्हणजे प्रश्न विचारणे ही शिक्षकांकडे मागितलेली मेहेरबानी नाही. अभ्यासक्रमाने दिलेली ती सोय आहे.

यात गुणांचाही प्रश्न आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या पदवी कार्यक्रमाच्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे विषय ‘स्वयम्’मधून पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठ देऊ शकते. त्यातील एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांत २५ गुण साप्ताहिक स्वाध्यायांचे आणि ७५ गुण परीक्षेचे असतात. दुसऱ्या आठवड्यातली शंका तशीच राहिली, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचे स्वाध्यायही कोलमडतात.

प्रश्न कसा लिहावा?

“सर, तिसरा धडा समजला नाही” याला उत्तर देणे कोणालाही अवघड आहे. नेमके कुठे अडले, तोपर्यंत काय समजले आणि काय हवे, या तीन गोष्टी लिहाव्यात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याचा प्रश्न असा असू शकतो :

“तिसऱ्या आठवड्याच्या दुसऱ्या व्हिडिओत दुर्खिमची यांत्रिक आणि सेंद्रिय ऐक्याची कल्पना आहे. श्रमविभागणी वाढली की माणसे एकमेकांवर अवलंबून राहतात आणि त्यातून सेंद्रिय ऐक्य येते, एवढे समजले. आमच्या गावात कामे जातीनुसार वाटलेली होती. मग त्याला सेंद्रिय ऐक्य म्हणता येईल का? नसेल तर का?”

या प्रश्नात पाठांतर नाही, विचार आहे. शिवाय विद्यार्थ्याचे स्वतःचे जगणे आहे. इतरांना जे पुस्तकातून वाचावे लागते, ते आपल्यापैकी अनेकांनी घरात ऐकलेले, पाहिलेले असते. असा प्रश्न आला की सगळ्या वर्गाची चर्चा वरच्या पायरीवर जाते.

लिहिण्याआधी मंचावर तोच प्रश्न कोणी विचारला आहे का, हे शोधावे. शीर्षकात नुसते ‘मदत हवी’ न लिहिता विषय लिहावा. इंग्रजीची धास्ती असेल, तर प्रश्न आधी वहीत मराठीत लिहावा, मग त्याची चार छोटी, साधी इंग्रजी वाक्ये करावीत. शिक्षक मराठी जाणणारे असतील, तर मराठीत लिहिले तर चालेल का, हे खुशाल विचारावे. एआयकडून लिहून घेतलेला मजकूर मात्र जसाच्या तसा चिकटवू नये. पुढचा उपप्रश्न आला की आपण अडकतो.

उत्तर देतानाही शिकता येते

“छान”, “सहमत आहे” एवढ्याने चर्चा पुढे जात नाही. का सहमत, कुठे मतभेद, एखादे उदाहरण, यापैकी काहीतरी द्यावे. मतभेद मुद्द्याशी असावा, माणसाशी नको. गुण असलेल्या स्वाध्यायाची उत्तरे मुदतीपूर्वी मंचावर टाकू नयेत.

गुगल क्लासरूममध्ये वर्गासाठीची टिप्पणी सर्वांना दिसते, खासगी टिप्पणी फक्त शिक्षकांना. फी, शिष्यवृत्ती किंवा घरची अडचण सांगायची असेल, तर खासगी टिप्पणीच वापरावी. जातीचा दाखला, आधार कार्ड किंवा मोबाइल क्रमांक खुल्या मंचावर कधीही टाकू नये.

अपमान झाला तर?

कोणी जातीवरून, भाषेवरून किंवा आरक्षणावरून टोमणा मारला, तर रागाच्या भरात प्रत्युत्तर देऊ नये. आधी तारीख, वेळ आणि नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, कारण मजकूर नंतर पुसला जाऊ शकतो. मग शिक्षकांना लेखी कळवावे. दखल घेतली नाही, तर थांबू नये. उच्च शिक्षणातील समतेसाठी आयोगाने २०१२ मध्ये केलेल्या नियमांत प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असण्याची तरतूद आहे. लेखी तक्रार तिथे द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी बोलण्याचा पुरावा राहत नाही, लेखी मंचावर तो राहतो, ही आपल्या बाजूची गोष्ट आहे.

प्रश्न विचारणाऱ्याचे नाव

बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि परिसर ‘नागसेनवन’ झाला. ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथात राजा मिलिंद शंका विचारतो आणि भिक्खू नागसेन त्यांचे निरसन करतात. चर्चेआधी नागसेन अट घालतात की संवाद विद्वानांच्या रीतीने व्हावा, राजाच्या रीतीने नव्हे, कारण विद्वान चुकीचे ठरले तरी रागावत नाहीत. ज्या समाजाला प्रश्न विचारण्याचीच बंदी होती, त्याच्या मुलांसाठी काढलेल्या महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बुद्धविहारात किंवा अभ्यासिकेत आठवड्यातून एक तास यासाठी काढता येईल. एकच अभ्यासक्रम करणाऱ्या तीन-चार विद्यार्थ्यांनी एकत्र बसावे, प्रत्येकाने एक प्रश्न लिहावा, दुसऱ्याने तो वाचून सुधारावा आणि तिथेच मंचावर टाकावा. पुढच्या आठवड्यात आलेली उत्तरे मिळून वाचावीत. ज्या घरात एकच मोबाइल आहे, तिथल्या विद्यार्थ्याला, विशेषतः मुलींना, या तासाचा मोठा आधार होईल. पहिला प्रश्न टाकताना हात थरथरेल. दुसऱ्या वेळी कमी थरथरेल.